एक स्वर सोडून

रेस्पिसिअस काइजागे यांनी गाणं रचलं ही बातमी सरोवराकाठच्या कितुंगा गावात दुपारच्या आत पसरली, आणि ती पसरवली मासळीबाजाराने. कारण गाणं सुचलं तेव्हा काइजागे प्रोजेस्टस कोळ्याच्या तराजूसमोर उभे होते. काइजागे वजनमापे खात्यात निरीक्षक. सव्वीस वर्षांच्या नोकरीत नीट न तपासता त्यांनी एकाही तराजूवर शिक्का मारला नव्हता. त्या दिवशी मात्र त्यांनी एकदा तराजूकडे पाहिलं, एकदा सरोवराकडे पाहिलं, आणि ते गुणगुणायला लागले. प्रोजेस्टसला वाटलं, साहेबांना सगळं कळलंय आणि आता ते मुद्दाम खेळवताहेत. त्याने आपण होऊन कबूल केलं की पारड्याखाली शिशाचा तुकडा चिकटवलाय. काइजागेंनी शिसं जप्त केलं, पावती फाडली, पण गुणगुणणं काही थांबवलं नाही.

गाणं साधंच होतं. देवाने टोपली भरून घरी पाठवली. टोपलीतलं सगळं खाऊन झालं. आता टोपली परत द्यायची तर घरात ठेवायला काहीच नाही. 'प्रभो, टोपली तुझी दाराशी, रिकामी कशी देऊ?' शेजारणीची टोपली रिकामी परत करायची लाज कितुंग्यात कुणाला समजावून सांगावी लागत नाही. म्हणजे शब्दांचं काम झालं होतं. खरी मेहनत होती ती 'कशी' या शब्दावर. तिथे काइजागेंनी सूर 'ला'वरून एकच पायरी खाली, 'सो'वर उतरवला होता. मान खाली घालून, पायाच्या अंगठ्याने जमीन उकरत विचारावं तसा. या एका पायरीसाठी ते त्यानंतर आठवडाभर घरात कुणाशी धड बोलले नव्हते. घरच्यांना त्यामुळे विशेष फरक जाणवला नाही ही गोष्ट वेगळी.

आमच्याकडे गाणं लिहायचं म्हणजे डो-रे-मी-फा-सो-ला-टी या सात स्वरांची अक्षरं ओळीने मांडायची. स्वर वरच्या सप्तकातला असेल तर अक्षराच्या डोक्याशी एक बारीक काडी, खालच्या सप्तकातला असेल तर पायाशी. मधल्याला काहीच नाही. कागदावर जे आहे ते गायचं, नाही ते गायचं नाही, हा कॉयरचा, म्हणजे चर्चच्या गायकवृंदाचा, कायदा. आमची माणसं सरकारी कायद्यात पळवाटा शोधतील, या कायद्यात कधी शोधत नाहीत.

कितुंग्याच्या कॉयरचे मास्तर नोव्हाटस इशेंगोमा यांनी काइजागेंच्या वहीतून गाणं फळ्यावर उतरवून घेतलं आणि पुढच्याच रविवारी मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, ते गाऊनही झालं. लोक बाहेर पडताना म्हणाले, "बरं होतं." काइजागे दाराशी दहा मिनिटं उभे राहिले, पण याच्यापुढे कुणी गेलं नाही.

"अहो, झालं ना गाऊन? आता पुढे काय?" बायको अडव्हेंटिनाने घरी आल्यावर विचारलं. ती स्वतः कॉयरमध्ये दुसऱ्या रांगेत गायची.

"पुढे वाटायचं. जो मागेल त्या कॉयरला. एक पैसा न घेता."

"मागितलंय कुणी?"

"मागायला आधी असं गाणं आहे हे कळायला नको का?"

हे संभाषण कुंपणापलीकडून बिशांगा ऐकत होते. बिशांगा कोर्टातून कारकून म्हणून निवृत्त झालेले. निवृत्त कारकुनाकडे सल्ला भरपूर असतो आणि गिऱ्हाईक नसतं. ते केळीचं पान बाजूला सारून म्हणाले, "आधी नोंदणी करा, काइजागे. उद्या कुणी म्हणालं हे माझं, तर काय दाखवणार?"

"देवाच्या गाण्याला कसली आलीय नोंदणी?"

"देवाचं असेल तर देवाने करावी. तुमचं असेल तर तुम्ही करा. एकदा ठरवा ना कुणाचं ते."

काइजागेंना हे बोलणं उद्धट वाटलं. नोंदणी वगैरे त्यांनी केली नाही. मात्र कागदावर नाव घालायला हरकत नाही, असं त्यांचं स्वतःचं मत पडलं. फक्त ते विनयाने घालायचं. स्वच्छ प्रत लिहिताना त्यांनी कागदाच्या अगदी वरच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'रे. काइजागे' असं लिहिलं. वाचणाऱ्याने आधी नाव शोधावं, सापडल्यावर म्हणावं, किती साधा माणूस आहे हा, अशी एकंदर योजना होती.

कितुंग्यात झेरॉक्सचं यंत्र एकच, पेलाजियाच्या दुकानात. काइजागे कागद घेऊन गेले ते दिवस चिलटांचे होते. अमावास्येच्या सुमाराला सरोवरावरून चिलटांचे लोट उठतात आणि गावावर येऊन बसतात. बोललं तर तोंडात जातात, न बोललं तर नाकात. पेलाजियाने तोंडाला फडकं बांधून चाळीस प्रती काढल्या. शिवाय त्याच यंत्रातून गाणं आपल्या फोनवर घेतलं आणि तालुक्यातल्या सगळ्या कॉयरमास्तरांच्या ग्रुपवर टाकून दिलं. "साहेब, देवाचं काम आहे, याचे मी नाही घेणार," ती म्हणाली. यंत्राने कागदाचा वरचा बोटभर भाग कापला होता. यंत्राला विनय कळत नाही. काइजागे तेव्हा कॉलरमधली चिलटं झटकण्यात गुंतले होते, त्यामुळे आपलं नाव आता जगात कुठेही नाही हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

पुढचे सहा महिने काइजागेंना एकच उत्सुकता होती. गाणं कुठवर गेलं? ऑफिसात भिंतीवर जिल्ह्याचा सरकारी नकाशा होता. परगावचा मासळीवाला गुणगुणताना सापडला की काइजागे त्याच्या तराजूऐवजी त्यालाच तपासायचे. कुठे ऐकलं? कधी? किती जण गात होते? मग नकाशावर पेन्सिलीने खूण. बसचे ड्रायव्हर त्यांना पाहिलं की काचा वर करून घेऊ लागले. तरी अकरा खुणा झाल्या. बारावी खूण न्याबिरेरे गावावर करायची होती, आणि तिथे अडव्हेंटिनाच्या चुलत बहिणीच्या मुलीचं लग्नच निघालं.

लग्नाच्या मिस्सेत कम्युनियननंतर न्याबिरेरेच्या कॉयरने तेच गाणं सुरू केलं. काइजागेंनी कोट सारखा केला आणि चेहऱ्यावर आश्चर्य आणून ठेवलं, म्हणजे कुणी वळून पाहिलं तर तयारी असावी. पहिली ओळ ठीक. दुसरी ठीक. मग 'रिकामी' आलं, काइजागेंनी मान खाली घालायला सुरुवात केली, आणि 'कशी'वर बायकांनी सगळ्यांनी मिळून आकाशात उडी मारली. खालच्या पायरीवर उतरायच्या ऐवजी 'ला'वरून थेट वरचा 'सो'. सहा पायऱ्या, मधे कुठे पाय न टेकता. वेदीवरच्या मेणबत्त्या हलल्या असं अडव्हेंटिना सांगते, पण ती थोडं वाढवून सांगते. नवरीची आई रडत होती हे मात्र सगळ्यांनी पाहिलं. फादर डोळे मिटून बसले होते. त्या एवढ्या गर्दीत मान खाली घातलेले काइजागे एकटेच.

मिस्सा संपल्यावर ते कॉयरच्या पहिल्या रांगेतल्या एका बाईंना गाठायला गेले. कोलेटा त्यांचं नाव, साठीच्या आसपासच्या, आणि ती उडी सगळ्यात आधी त्यांचीच होती. त्यांनी काइजागेंच्या हातावर, पाहुण्याला देतात तशी, चघळायला वाळक्या कॉफीची चार फळं ठेवली.

"ताई, तुम्ही 'कशी'वर वर जाता," काइजागे म्हणाले.

"जाणारच. लिहिलंय तसं."

"तसं लिहिलेलं नाहीये."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी... म्हणजे ते मीच लिहिलंय."

कोलेटाबाईंनी त्यांना बुटांपासून वरपर्यंत पाहिलं. त्यांच्या नजरेत राग नव्हता, कीव होती. "साहेब, ज्यांनी लिहिलं ते वारले. डोंगरापलीकडचे म्हातारे फादर होते, वीस वर्षं अंथरुणाला खिळलेले. जाताना हे एवढंच लिहून गेले, नावसुद्धा घातलं नाही. आम्ही उपवासकाळात त्यांच्यासाठी मिस्सा घातली की."

स्वतःच्या आत्म्याच्या शांतीसाठी झालेल्या मिस्सेबद्दल आभार मानावेत की तक्रार करावी, हे काइजागेंना सुचेना. ते म्हणाले, "पण तिथे खाली उतरायचं असतं. नम्रपणे."

"अहो, घरात दाणा नाही आणि दाराशी टोपली उभी आहे. असं असताना कोण नम्रपणे विचारतं? बाई किंचाळणारच!" एवढं बोलून कोलेटाबाई जेवणाच्या मांडवाकडे निघून गेल्या. काइजागेंनी त्या दिवशी मटणाला हात लावला नाही. त्यांच्या वाटचं अडव्हेंटिनाने डब्यात भरून घेतलं.

त्यांना अपमान झोंबला होता हे खरं, पण त्याहून जास्त कुतूहल छळत होतं. ही उडी आली कुठून? त्यांनी न्याबिरेरेच्या मास्तरांकडून कागद मागून घेतला. 'सो'च्या डोक्याशी काडी होती. स्पष्ट, ठसठशीत काडी. पुढचे पाच रविवार काइजागे नकाशावरच्या गावांना गेले. मिस्सा ऐकायची, मास्तरांना गाठायचं, कागद पाहायचा. सगळीकडे काडी आणि सगळीकडे उडी. एका गावात तर पुरुषांनीही वर जायचा प्रयत्न करून दोन घसे बसवले होते. तराजूवरचे शिक्के तपासायचं सरकारी भिंग त्यांच्याजवळ होतंच. भिंगातून काडी पाहिली तर तिला एका बाजूला बारीकसा पंख होता.

सोमवारी सकाळी काइजागे भिंग घेऊन पेलाजियाच्या दुकानात शिरले. "झाकण उघड," ते म्हणाले.

"साहेब, मी वजनाने काही विकत नाही हो!"

"उघड म्हणतो ना."

काचेवर, बरोबर त्या जागी, चिलट होतं. पेलाजियाने थुंकी लावून पुसलं, नखाने खरवडलं, पण ते हललं नाही, कारण ते काचेच्या आतल्या बाजूला मरून चिकटलं होतं. गेल्या सात महिन्यांत त्या यंत्रातून निघालेल्या प्रत्येक कागदावर ते उमटलं होतं. जन्माच्या दाखल्यांवर होतं, लग्नपत्रिकांवर होतं. शाळेच्या भूगोलाच्या प्रश्नपत्रिकेत त्याच्यामुळे सरोवरात एक नवीन बेट तयार झालं होतं आणि चार हुशार मुलींनी त्याचं हवामानही लिहिलं होतं.

"म्हणजे माझ्या यंत्रामुळे गाणं गाजलं म्हणायचं," पेलाजिया खुशीत येऊन म्हणाली.

"यंत्रामुळे नाही. चिलटामुळे." हे वाक्य आपण स्वतः उच्चारलं याचं काइजागेंना फार वाईट वाटलं.

एवढ्यावर ते गप्प बसलेही असते. पण त्याच आठवड्यात धर्मप्रांताच्या संगीत समितीचं पत्रक आलं. बिशपांच्या रौप्यमहोत्सवाला अकरा गावांचे कॉयर एकत्र गाणार आणि नवीन गीतपुस्तक निघणार. त्यात 'टोपली' घ्यायचं ठरलंय, तरी रचनाकाराचा किंवा त्याच्या वारसांचा पत्ता कुणाला असल्यास कळवावा. गीतपुस्तक म्हणजे पुढची तीस-चाळीस वर्षं. त्यात नाव आलं की माणूस मेल्यावरही दर रविवारी थोडा जिवंत असतो. काइजागेंना मूलबाळ नव्हतं. ही गोष्ट त्यांनी कुणाजवळ कधी बोलून दाखवली नव्हती, पण ते पत्रक त्यांनी घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं आणि चार दिवस शर्ट धुवायला दिला नाही.

समितीचे सचिव फादर सिक्सबर्ट तरुण आणि टापटिपीचे होते. काइजागेंची वही त्यांनी दोनदा वाचली आणि मिटून ठेवली. "गाणं छान आहे. पण हे ते नाही."

"हेच ते आहे, फादर."

"त्या गाण्यात मुख्य जागा 'कशी'वरची. तुमच्या वहीत तीच नाही. रागावू नका हं, पण कुठेतरी ऐकून घाईत उतरवून घेताना असं होतं. नेमकी अवघड जागा राहून जाते."

सव्वीस वर्षं दुसऱ्यांची चोरी पकडणाऱ्या माणसाला स्वतःच्या गाण्याची चोरी केल्याबद्दल समजूतदारपणे माफ करण्यात येत होतं.  काइजागेंनी चिलटाची हकिकत सांगितली. फादरांनी ती शेवटपर्यंत ऐकून घेतली आणि पाणी मागवलं. मग ड्रॉवरमधून एक फॉर्म काढून पुढे सरकवला. 'मी जाहीर करतो की या गाण्यातला प्रत्येक शब्द आणि प्रत्येक स्वर माझा स्वतःचा आहे.' खाली सही, तारीख.

"सगळीकडे गातात तसं लिहून द्या, सोबत हे भरा, आणि गाणं तुमचंच असल्याचा एखादा पुरावा जोडा. मग मी समितीपुढे ठेवतो," फादर म्हणाले.

पुरावा म्हटल्यावर बिशांगांच्या अंगात दहा वर्षांचं तारुण्य आलं. त्यांनी प्रतिज्ञापत्राचा मसुदा केला. साक्षीदार नात्यातला चालत नाही म्हणून अडव्हेंटिना बाद. इशेंगोमा मास्तरांनी वही पाहिली होती, पण गाणं होताना पाहिलं नव्हतं. गाणं होताना पाहिलेला माणूस जगात एकच, प्रोजेस्टस कोळी. तो आनंदाने तयार झाला.

"बायबलवर हात ठेवून सांगतो, साहेब. माझ्या डोळ्यांसमोर झालं. फक्त तेवढं शिशाचं प्रकरण फाइलमधून काढून टाका."

"ते निघणार नाही."

"मग मला नीट आठवत नाही. मासे दिसत होते. तुम्ही दिसत नव्हतात."

बिशांगांनी कपाळावर हात मारून घेतला. "काइजागे, आपण कशाला एवढा व्याप करतोय? साक्षीदार सोडा. पेन्सिल घ्या, वहीत त्या 'सो'च्या डोक्यावर एक काडी ओढा आणि करा फॉर्मवर सही. मग वही हाच पुरावा. कोर्टात मी याच्याहून मोठमोठ्या काड्या पाहिल्यात."

अडव्हेंटिनासुद्धा त्यांच्याच बाजूने होती. "काढा ना हो एक काडी. कुणाचा जीव जातोय का त्याने?"

"प्रत्येक स्वर माझा, असं लिहिलंय त्यात. तो माझा नाहीये."

"मग कुणाचा आहे? तो चिलट्या येणार आहे का भांडायला?"

"ज्याने अर्धा छटाक शिसं लावलं त्याची मी पावती फाडतो, अडव्हेंटिना. आणि स्वतःच्या पारड्यात अख्खा स्वर ठेवू?"

 अडव्हेंटिना सुरीने कच्ची केळी सोलत राहिली, पण नेहमीपेक्षा सालं जरा जाड निघत होती.

काइजागेंनी फादर सिक्सबर्टना पत्र लिहिलं. काडी काढणार नाही, सही करणार नाही. फक्त एक विनंती. अकरा कॉयर एकत्र सरावाला बसतील तेव्हा एकदा मला माझ्या वहीप्रमाणे शिकवू द्यावं. ऐकून पटलं तर ठेवा, नाहीतर डोंगरापलीकडच्या दिवंगत फादरांच्या नावाने छापा. फादर सिक्सबर्ट नियमांचे पक्के असले तरी मनाने चांगले होते. शिवाय त्यांनाही आता उत्सुकता वाटायला लागली होती. त्यांनी हो म्हटलं.

शनिवारी सकाळी कॅथीड्रलच्या आवारात तीनशे गायक जमले. काइजागेंनी लग्नाचा कोट घातला होता. कुणाच्या यंत्रावर भरवसा नको म्हणून सगळ्या प्रती त्यांनी आणि अडव्हेंटिनाने आठवडाभर बसून हाताने लिहिल्या होत्या. काडी कुठेच नव्हती. पहिल्या रांगेत कोलेटाबाई बसल्या होत्या. त्यांनी काइजागेंना ओळखलं आणि शेजारणीच्या कानात काहीतरी सांगितलं. ते 'तो बघ, मेलेला फादर' असावं, असं काइजागेंना वाटलं.

"कागदावर आहे तसंच," काइजागे म्हणाले, आणि त्यांनी हात उचलला.

कायदा म्हणजे कायदा. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. 'रिकामी' आलं. तीनशे गळे शिस्तीत एक पायरी खाली उतरले, जसं काइजागेंनी गाणं रचताना आठवडाभर मनात ऐकलं होतं अगदी तसं, तिळमात्र कमी नाही की जास्त नाही. माप बरोबर होतं. आणि त्याच क्षणी आवारात एक आवाज फाटत, चिरकत, सहा पायऱ्या वर गेला.

गाणं थांबलं. तीनशे माणसं ज्याच्याकडे पाहत होती तो माणूस कोट घालून, हात हवेत धरून उभा होता. आपण वर कधी गेलो हे काइजागेंना कळलंच नव्हतं. पाच रविवार पाच गावांत ते ज्याची चौकशी करत हिंडले, तो स्वर न विचारता त्यांच्याच गळ्यात जाऊन बसला होता.

"मास्तर," कोलेटाबाई हळूच म्हणाल्या, "तुमच्या कागदात तसं नाहीये."

सगळं आवार हसलं. काइजागेंनी रुमाल काढून तोंड पुसलं. हसणं ओसरेपर्यंत ते थांबले. गाणं रचताना मान खाली घालून विचारलेला तो रिकाम्या टोपलीचा प्रश्न खरं तर त्यांनाही ओरडूनच विचारायचा होता, आणि एवढी वर्षं तो त्यांनी कधी ओरडून विचारला नव्हता.

"पेन्सिली काढा," ते म्हणाले. "'कशी'चा 'सो'. डोक्यावर काडी. पुन्हा पहिल्यापासून."

तेव्हा जे गाणं झालं त्याबद्दल कितुंग्यात अजून बोलतात, त्यामुळे मी बोलत नाही. सराव संपल्यावर फादर सिक्सबर्ट फॉर्म घेऊन आले. पुराव्याचं त्यांनी नावही काढलं नाही. काइजागेंनी पेन घेतलं, 'प्रत्येक स्वर माझा स्वतःचा आहे' यापुढे 'एक स्वर सोडून' असं स्वच्छ अक्षरात लिहिलं, आणि सही केली.

"तो कुणाचा म्हणून छापू?" फादरांनी विचारलं.

"माझा नाही एवढंच मला सांगता येतं. कुणाचा ते ठरवणं माझ्या खात्यात येत नाही."

फादर सिक्सबर्ट टापटिपीचे असल्यामुळे गीतपुस्तकात जसंच्या तसं छापून आलं, 'रचना : रेस्पिसिअस काइजागे (एक स्वर सोडून)'. या वेळी अक्षरं चांगली ठळक होती. आणि तिथून काइजागेंच्या मागे नवीनच भुंगा लागला. बाजारात, बसमध्ये, मिस्सेनंतर, जो तो विचारू लागला, तो एक स्वर कुठला? इशेंगोमा मास्तरांनी तिसऱ्या ओळीतल्या 'फा'वर पैज लावली. तो पहिल्यापासून उसना वाटतोच, असं त्यांचं मत होतं. प्रोजेस्टसला शेवटच्या 'डो'चा संशय होता. बिशांगा आणि पेलाजिया चिलटाची गोष्ट सांगत, पण ती कुणाला खरी वाटत नसे. काइजागे कुणालाच उत्तर देत नसत.

मग न्याबिरेरेहून कोलेटाबाईंचं पत्र आलं. 'मास्तर, आम्ही सगळ्या बायकांनी बसून शोधून काढलं. तुमचा नसलेला स्वर म्हणजे दुसऱ्या ओळीतला पहिला 'मी'. तिथे गाणं जरा ढिलं आहे, ते तुमच्या हातचं नव्हे. पण 'कशी'वरचा मात्र शंभर टक्के तुमचा. बाकीचं गाणं, राग मानू नका, कुणालाही जमलं असतं. तो एक स्वर सुचायला तुमच्यासारखा माणूस लागतो. त्या वेळी मी तुम्हाला ओळखलं नाही, माफ करा.'

काइजागेंनी पत्र उभ्याने वाचलं, मग खुर्चीत बसून पुन्हा वाचलं. अडव्हेंटिना दारात येऊन उभी राहिली. "काय लिहितात? त्यांना कळलं का कुठला ते?"

"कळलं म्हणतात."

"मग? खरं काय ते लिहून टाका आता."

काइजागेंनी कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं, आणि एकदा खिडकीतून सरोवराकडे पाहिलं. मग त्यांनी 'ताई, आभारी आहे' एवढंच लिहिलं आणि अडव्हेंटिनाने वाचायच्या आत पाकीट चिकटवून टाकलं.